रायफलीचा स्टॉक आणि चॅसी : लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी निवड

रायफलीचा जो भाग नेमबाजाच्या अंगाला लागतो तो स्टॉक. मागे खांदा, वर गाल, एका हातात ग्रिप (मूठ), दुसऱ्या हाताखाली पुढचा भाग आणि या सगळ्यांच्या मध्ये खाचेत बसवलेली अॅक्शन (काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा) व नळी. चॅसी हा याच कामाचा अलीकडचा प्रकार आहे. त्यात लाकडी किंवा फायबरच्या दस्त्याऐवजी अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो. अॅक्शन थेट धातूवर बसते आणि ग्रिप, गालपट्टी, बट (खांद्याला टेकणारे मागचे टोक) हे भाग वेगवेगळे जोडलेले व हलवता येणारे असतात. नळी, काडतूस आणि दुर्बीण यांवर नेमबाज महिनोन् महिने खल करतात आणि स्टॉक मात्र फोटो पाहून ठरवतात. लांब पल्ल्यावर हे महागात पडते. खांदा आणि पुढचा आधार यांच्यात ८० सेंमी अंतर धरले, तर तेथे पाव मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की ३०० मीटरवर नऊ सेंमीहून जास्त फरक पडतो. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १० सेंमी व्यासाचे असते. एका जागचा एवढासा फरक आणि दहाचा नऊ, कधी आठ.

ठाणे–नवी मुंबईतील पार्श्वभूमी

या पट्ट्यातला नेमबाज बहुधा १० मीटर एअर रायफलने सुरुवात करतो. २०२२ मध्ये कैरो येथे याच प्रकारात विश्वविजेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा. अथेन्स ऑलिंपिकची (२००४) अंतिम फेरी गाठलेल्या आणि त्याच वर्षी क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवलेल्या सुमा शिरूर यांनी पनवेलमध्ये प्रशिक्षणाचे काम उभे केले. बंद हॉलमध्ये १० मीटरचे लेन बसवता येतात. ५० मीटरला मोठी मोकळी रेंज लागते आणि ३०० मीटर किंवा त्यापुढचा पल्ला या दाट वस्तीत शक्यच नाही. ५० मीटरसाठी वरळी, बालेवाडी आणि मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या रायफलीच्या) बाबतीत महूच्या लष्करी रेंजसारखी ठिकाणे गाठावी लागतात.

या परिस्थितीचा एक फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही. आजची स्पर्धेची एअर रायफल अॅल्युमिनियमच्या, पूर्णपणे जुळवता येणाऱ्या स्टॉकसह येते. त्यामुळे ठाण्यातल्या क्लबमधली चौदा-पंधरा वर्षांची मुलगीसुद्धा बट किती खाली, गालपट्टी किती वर, ग्रिप किती वळलेली हे रोज हाताळत असते. पुढे ती ५० मीटर किंवा ३०० मीटरला गेली तर हेच ज्ञान तिच्याबरोबर जाते. प्रौढ वयात थेट मोठी रायफल घेणाऱ्याकडे नेमके हेच नसते आणि म्हणून तो ब्रँडवर भर देतो.

अंगाला बसणे

निवडीची खरी कसोटी येथे आहे. साहित्य, रंग, किंमत हे सारे यानंतर.

पहिले माप ट्रिगरपासून बटच्या पाठीपर्यंतच्या लांबीचे. ते जॅकेट घालूनच घ्यावे. नेमबाजीचे कॅनव्हास-चामड्याचे जॅकेट खांद्याशी चांगलेच जाड असते. टी-शर्टवर बेतलेली लांबी रेंजवर जास्त भरते, मान पुढे ताणावी लागते आणि तासाभरात डोळा दुर्बिणीपासून मागे सरकू लागतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी लांबी बदलता येणारा स्टॉकच घ्यावा, मग तो वापरलेला असला तरी चालेल.

दुसरे माप गालपट्टीच्या उंचीचे आणि बहुतेक लाकडी शिकारी स्टॉक याच ठिकाणी नापास होतात. ते उघड्या साइटसाठी घडवलेले असतात. त्यावर ५६ मिमी भिंगाची दुर्बीण उंच रिंगांत बसवली की डोळा दुर्बिणीच्या रेषेत आणायला गाल पट्टीवरून उचलावा लागतो, आणि अधांतरी डोके दर फैरीला वेगळ्या जागी येते. यासाठीची परीक्षा साधी आहे. रिकामी रायफल, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून चेंबर (काडतूस बसते ती जागा) दोनदा तपासलेले. प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर, झोपावे, डोळे मिटावेत, गाल पट्टीवर सैल सोडून मानेचा सगळा भार तिच्यावर टाकावा, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. दुर्बिणीत पूर्ण गोल, कडेला सावली नसलेले चित्र दिसले तर उंची बरोबर. वरच्या कडेला काळी चंद्रकोर दिसली, खालच्या कडेला दिसली, किंवा डोके हलवल्यावरच चित्र पूर्ण झाले तर पट्टी हलवायची. हे पाच-सहा वेळा सलग जमले पाहिजे. एकदा जमणे म्हणजे जमणे नव्हे. घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी: पट्टी हव्या त्या उंचीवर असताना बोल्ट मागे काढता येतो का? काही स्टॉकमध्ये तो पट्टीला अडतो आणि दर साफसफाईला पट्टी उतरवावी लागते. म्हणजे जुळवणी दर वेळी पुन्हा करायची.

बटची उंची पोझिशनवर अवलंबून असते. उभ्याने मारताना डोके सरळ राहावे म्हणून रायफल वर उचललेली असते, त्यामुळे बट खाली घ्यावा लागतो. प्रोनमध्ये तो वर जातो. तीन पोझिशनचा (गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने मारणारा) नेमबाज एकाच सामन्यात हे बदल करतो. म्हणून त्याच्या स्टॉकवर खुणांच्या पट्ट्या कोरलेल्या असणे चैन नाही. फक्त प्रोनमध्ये, दुपायीवर (रायफलीच्या पुढच्या भागाखालच्या दोन पायांवर) मारणाऱ्याला एकदा बसवून पक्के आवळता येणारा साधा बट पुरतो आणि ढिला पडण्याजोगे सांधेही कमी राहतात.

ग्रिपबद्दल एकच पाहायचे: पंजा सैल ठेवून बोटाचे पेर ट्रिगरवर काटकोनात पडते का. पडत नसेल तर ट्रिगर ओढताना रायफल बाजूला ढकलली जाते. चॅसीत ग्रिप बदलता येते ही तिची मोठी जमेची बाजू, विशेषतः लहान हाताच्या नेमबाजांसाठी.

आणि तिरकेपणा. ३०८ विंचेस्टर या काडतुसाची गोळी १००० यार्डांपर्यंत जाताना सुमारे दहा मीटर खाली येते, त्यामुळे रायफल एकाच अंशाने कलली तरी मारा पंधरा-वीस सेंमी बाजूला सरकतो. खांद्याशी बट वळवता येत नसेल तर शरीर रायफलीला आपल्या सोयीने कलवते आणि नेमबाज वाऱ्याला दोष देत राहतो. दुर्बिणीवर पाणसळ लावणे आवश्यक आहेच, पण पाणसळ मध्यावर ठेवण्यासाठी दर वेळी मनगट पिळावे लागत असेल तर चूक बटच्या कोनात आहे.

अॅक्शन आणि स्टॉक यांचा सांधा

आठ किलोची रायफल आणि साडेअकरा ग्रॅमची गोळी धरली, तर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल सुमारे एक मिलिमीटर मागे सरकते. तेवढ्या अवधीत अॅक्शन स्टॉकमध्ये जराही वळवळली तर पुढची फैर वेगळ्या जागी जाते. हा सांधा घट्ट आणि ताणरहित करण्याच्या कामाला बेडिंग म्हणतात. लाकूड व फायबरमध्ये अॅक्शनखाली इपॉक्सी भरतात आणि स्क्रूभोवती धातूच्या नळ्या बसवतात. चॅसीत बहुधा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची धातूची खाच असते आणि गोल अॅक्शन तीत आपोआप मध्यावर येते.

बेडिंग तपासायला यंत्र लागत नाही. रायफल उभी धरून अंगठा व तर्जनी नळी आणि स्टॉकच्या पुढच्या टोकावर एकदम टेकवायची आणि दुसऱ्याला अॅक्शन स्टॉकला जोडणारा पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायला सांगायचे. बोटांच्या टोकांना नळी स्टॉकपासून उसळल्यासारखी हलताना जाणवली, तर स्क्रू आवळताना अॅक्शन वाकत होती. काहीच जाणवले नाही तर बसणी चांगली. दुसरी तपासणी कागदाच्या पट्टीची: नळीखाली पट्टी सरकवत अॅक्शनपर्यंत नेली तर ती कुठेही अडकता कामा नये. अडकली तर नळी स्टॉकला टेकते आणि गरम झाल्यावर ग्रुप (लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका) फाकतो. ही तपासणी रायफल दुपायीवर ठेवून, अंगाचा भार पुढे देऊनही करावी. मऊ प्लॅस्टिकचे कारखानी स्टॉक मोकळे असताना पट्टी जाऊ देतात आणि भार येताच नळीला चिकटतात.

स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळावेत. अॅल्युमिनियम चॅसीला बहुतेक उत्पादक सात न्यूटन-मीटरच्या आसपास सांगतात. धातूच्या नळ्या नसलेल्या लाकडाला ते फार होते आणि लाकूड दबते.

साहित्य आणि कोकणपट्टीची हवा

अक्रोडाचे एकसंध लाकूड हाताला सर्वांत सुखद लागते, याबद्दल दुमत नाही. पण ते हवेतली ओल घेते व सोडते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. ठाण्यात जून ते सप्टेंबर भिंतीतून पाणी झिरपते आणि चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. अशा हवेत मेमध्ये मोकळी असलेली नळी ऑगस्टमध्ये स्टॉकला टेकू शकते. पातळ पट्ट्या चिकटवून केलेले लॅमिनेट बरेच स्थिर राहते आणि लाकूडच हवे असेल तर येथे तेच घ्यावे, बेडिंगच्या खाचेच्या आतूनही वॉर्निश लावून. फायबरग्लास व कार्बन फायबर ओल घेत नाहीत. अॅल्युमिनियमही घेत नाही, शिवाय ते लाकडाच्या कितीतरी पट ताठ असते. मात्र थंड हवेत गालाला बोचते, ही तक्रार आपल्याकडे गैरलागू आहे. आपली अडचण घामाची. अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर) खरवडले गेलेल्या जागी घामाचे मीठ बसते आणि पोलादी अॅक्शन धातूच्या खाचेत टेकते तेथे ओल अडकून गंज धरतो. पावसाळ्यात रेंजवरून आल्यावर रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण फोम ओल धरून ठेवतो. कोरड्या, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसह ठेवावी.

चॅसी आली कोठून

चॅसी ही सैन्याची देणगी असल्याची समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे सुवर्ण जिंकणारा ब्रिटिश नेमबाज माल्कम कूपर याने १९७८ मध्ये अॅक्युरसी इंटरनॅशनल ही कंपनी काढली. तिच्या रायफलीत अॅक्शन अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला पक्की जोडलेली होती आणि प्लॅस्टिकच्या दोन बाजू नुसत्या वरून बसवलेल्या. ब्रिटिश सैन्याने ती एल९६ए१ या नावाने घेतली. पुढे याच कल्पनेची चॅसी रेमिंग्टन ७०० अॅक्शनसाठी निघाली आणि त्या अॅक्शनची मापे बाजारात जवळपास प्रमाण ठरली. स्पर्धेच्या गरजेतून आलेली गोष्ट सैन्यात जाऊन पुन्हा स्पर्धेत परतली, असा हा प्रवास आहे.

प्रकारानुसार निवड

नियमपुस्तक आधी वाचावे, स्टॉक नंतर घ्यावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला साडेपाच किलोची मर्यादा आहे आणि अंगठ्याचे भोक असलेला स्टॉक चालत नाही. नुसत्या ‘३०० मीटर रायफल’ या प्रकाराला ती मर्यादा आठ किलो आहे. एफ-क्लासच्या (आधारावर रायफल ठेवून दुर्बिणीने मारण्याच्या लांब पल्ल्याच्या प्रकाराच्या) टी-आर गटात दुर्बीण व दुपायी धरून ८.२५ किलो, ओपन गटात १० किलो. टी-आर गटात जड नळी, दुर्बीण आणि दुपायीचे वजन वजा केले की स्टॉकला जेमतेम दोन-अडीच किलो उरतात, म्हणून तेथे कार्बन किंवा हलक्या लाकडाला मागणी. ओपन गटात पुढचा भाग सपाट आणि तीन इंचांपर्यंत रुंद ठेवतात, म्हणजे धक्क्यानंतर रायफल वाळूच्या पिशवीवर सरळ मागे सरकते. तेथे उभी ग्रिप आणि लष्करी रूपाची चॅसी उपयोगाची नाही, उलट अडचणच. अडथळ्यांवरून मारण्याच्या सामन्यांत मात्र चॅसीच सरस: खाली सलग रेल (जोडणीची पट्टी), मॅगझिनच्या पुढ्यात आणलेला तोल आणि हवे तेथे वजन लावण्याची सोय.

परवाना, खरेदी आणि कारागीर

ठाणे व नवी मुंबईत शस्त्रपरवान्याचा अधिकार त्या त्या पोलीस आयुक्तांकडे आहे, पनवेलही नवी मुंबई आयुक्तालयात येते. मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. त्यामुळे परदेशातून चॅसी मागवण्याआधी क्लब, राज्य संघटना आणि परवाना शाखा यांच्याकडून लेखी खुलासा घ्यावा, पार्सल सीमाशुल्कात अडकल्यावर नव्हे. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तळोज्याच्या वर्कशॉपमध्ये बटचे स्पेसर, वजनाचे तुकडे, गालपट्टीच्या पिना उत्तम करून मिळतात आणि तेथील टर्नरला मापाची कदर असते. अॅक्शन ज्यावर बसते तो सांगाडा मात्र शस्त्रनिर्मितीचा परवाना असलेल्याकडूनच घ्यावा.

जुना स्टॉक घेताना अॅक्शनचे मेक, डावा-उजवा बोल्ट, लांब की आखूड अॅक्शन, नळीची जाडी आणि मॅगझिनचा प्रकार ही पाच मापे विक्रेत्याकडून लिहून घ्यावीत. यांतले एक जरी चुकले तरी खाच पुन्हा कोरावी लागते, आणि अॅल्युमिनियममध्ये जास्त कोरलेले परत भरता येत नाही.