कारची बॅटरी रात्रीतून उतरणे

रात्री ठाकठीक उभी केलेली कार सकाळी चालू न होणे. किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही, नुसती टकटक होते आणि मीटरवरचे दिवे मंद होत विझतात. मराठीत ‘बॅटरी उतरली’ किंवा ‘बसली’ म्हणतात, अहिराणीत ‘बॅटरी उतरी गयी’. मुळाशी कारणे बहुधा दोनच: गाडी बंद असतानाही कुठेतरी करंट खर्च होत राहतो, किंवा बॅटरीत तो धरून ठेवायची ताकद उरलेली नसते. गॅरेजमध्ये चर्चा बहुधा पहिल्याची होते. खानदेशचा उन्हाळा मात्र दुसऱ्याला खतपाणी घालतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, बॉनेटखाली त्याहून बराच वर. तापमान दर १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पाणी उडते, उघड्या पडलेल्या प्लेटा कडक होतात, आतली जाळी गंजते. पण गरमीत इंजिन हलके फिरत असल्याने हे दुखणे दबून राहते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक अंकी झाला, इंजिनातले तेल घट्ट झाले आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावली, की ते उघडे पडते. बदनाम थंडी होते. घात मे महिन्यातच झालेला असतो.

थोडा हिशेब केला तर बरेच गैरसमज दूर होतात. लहान कारची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास पुरेल एवढा साठा. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा संगणक यांना गाडी बंद असताना २० ते ५० मिलिअँपिअर लागणे रास्त आहे. म्हणजे दिवसाला जेमतेम एक अँपिअर-तास. डिकीतला ५ वॅटचा बल्ब चालू राहिला तर दहा तासांत चारेक अँपिअर-तास जातात. चांगली बॅटरी एवढ्याने उतरत नाही. जी उतरली, ती आधीच अधू होती. धडधाकट बॅटरी एका रात्रीत रिकामी व्हायला दोन-तीन अँपिअरची गळती लागते.

म्हणून आधी बॅटरी तपासावी. पूर्ण चार्ज करून काही तास नुसती ठेवल्यावर मल्टिमीटरवर (व्होल्टेज-करंट मोजायचा मीटर) १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी संशयित. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळत नसेल, तर चार्जिंगच होत नाही आणि रात्रीला दोष देण्यात अर्थ नाही. शहरातल्या शहरात रोज दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचेही पोट कधी भरत नाही.

बॅटरी ठीक निघाली तर गळती शोधायची. किल्ली काढून, दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचे आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर जोडायचा. बॉनेट उघडे, दारे बंद. लगेच आकडा वाचू नये: गाडीतले संगणक झोपी जायला दहा मिनिटांपासून तासभरही लागतो, आणि घाई इथेच नडते. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा स्थिरावल्यावर एकेक फ्यूज काढत जायचे. समजा, मीटर ६०० मिलिअँपिअर दाखवतोय आणि म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढताच ३० वर आला, तर चोर त्याच लाइनवर आहे.

हा चोर अनेकदा कंपनीचा नसून नंतर बसवलेला असतो: अँप्लिफायर, जीपीएस, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा. किल्लीवर चालायला हवी ती वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असते. कपाशी-मक्याच्या साठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही पाहावी. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे, वळावे. पहाटे गार इंजिनावर हात फिरवताना तो एकटाच कोमट लागला, तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असण्याची दाट शक्यता.

एक जागा सहसा कोणी पाहत नाही: बॅटरीचा माथा. धूळ आणि आम्लाचा ओलावा मिळून तिथे करंट वाहणारा थर बसतो. मीटरचे एक टोक निगेटिव्हवर ठेवले आणि दुसरे नुसते प्लॅस्टिकवर फिरवले तरी व्होल्टेज दिसू शकते. पाण्यात खायचा सोडा कालवून माथा आणि टर्मिनलवरची निळसर-पांढरी बुरशी धुवावी. द्रावण झाकणांतून आत जाऊ देऊ नये. टर्मिनलवर शेवटी पेट्रोलियम जेली. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे नाही.

बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीची केबल लावून चालू झाली, की लोक निर्धास्त होतात. अर्ध्या तासाच्या फेरीने बॅटरी भरत नाही. ती चार्जरवर ३-४ अँपिअरने रात्रभर ठेवणे बरे, तेही हवेशीर जागी, कारण भरताना हायड्रोजन निघतो. गाडी महिनाभर गावी उभी ठेवायची असेल तर निगेटिव्ह काढून ठेवावा. घड्याळ पुन्हा लावावे लागते, काही गाड्यांत खिडक्यांचे ऑटो बटणही. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी: उलट केल्यास पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते.