बसल्या जागेवरून स्मॅश

“बसूनच तर खेळायचंय, त्यात दमायचं काय?” मिरजेत दिव्यांगांच्या विभागीय स्पर्धेत सिटिंग व्हॉलीबॉलचा सामना रंगात आला असताना मागच्या रांगेतून आवाज आला. पॅरा खेळ सांगली जिल्ह्याला नवे नाहीत. पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. तरीही बसून व्हॉलीबॉल म्हटलं की लोकांना तो सवलतीतला खेळ वाटतो. गणित करून बघा, उलटंच निघतं.

उभ्या खेळाचं मैदान १८ बाय ९ मीटर, बैठ्या खेळाचं १० बाय ६. पुरुषांचं नेट २.४३ मीटरवरून १.१५ वर येतं. नेटच्या उंचीवरून आडवा सुटलेला चेंडू जमिनीवर किती वेळात पडेल? उंचीची दुप्पट करा, गुरुत्वीय त्वरणानं भागा, वर्गमूळ काढा. उभ्या खेळात ०.७० सेकंद, बैठ्या खेळात ०.४८. चेंडू दिसल्यापासून स्नायू हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातातच, ते दोन्हीकडून वजा करा. उरतो अर्धा सेकंद, आणि इकडे ०.२८. हिशोब इथंच संपत नाही, कारण उभा खेळाडू त्या वेळात पायानं सरकतो आणि हात मोकळे ठेवतो. इथं सरकायचंही हातांनीच आणि चेंडूही हातांनीच खेळायचा. सामन्यात जवळून पाहिलं तर मागच्या रांगेतल्या खेळाडूंचे तळवे धुळीनं काळे झाले होते आणि चेंडू येईपर्यंत ते जमिनीवरून उचलले जात नव्हते.

आता स्मॅश. उजव्या हातानं जोरात मारताना खांदा पुढे येतो, धड डावीकडे वळतं आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार कमरेला उलटा पीळ बसतो. हा पीळ जमिनीनं पेलला नाही तर खेळाडू भोवऱ्यासारखा जागीच फिरेल आणि चेंडूत जोर उतरणार नाही. पीळ पेलतं ते घर्षण, पण नुसतं घर्षण पुरत नाही, धड ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून ते किती लांब लागतंय यावर आघूर्ण (म्हणजे फिरवण्याचा जोर) ठरतं. बैठकीचा टेकलेला भाग अक्षाच्या अगदी जवळ, म्हणून त्याचं आघूर्ण तोकडं. पसरलेला पाय ते अंतर वाढवतो. ज्याचा पाय मांडीपासून नाही, त्याच्या त्या बाजूची तरफच गेलेली असते. असा खेळाडू मग डावा तळवा जमिनीत रोवतो आणि त्यावर धड पिळतो. शिवाय नियम असा, की चेंडू मारताना नितंबापासून खांद्यापर्यंतचा काही तरी भाग जमिनीला टेकलेलाच हवा. बूड उचललं की लिफ्टिंगचा फाऊल. म्हणजे उडी मारून जोर कमवायची वाटही बंद.

अशा खेळाडूंना ‘देवानं वेगळी शक्ती दिलीय’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. आणि त्याच तोंडानं, आईनं ग्रहणात सुरी धरली म्हणून मूल अपंग जन्मलं असंही सांगतात. पहिली गोष्ट सरावावर पाणी ओतते, दुसरी आईला गुन्हेगार ठरवते. ग्रहण म्हणजे सावली. तिला गर्भ घडवता येत नाही.

उंचीचं महत्त्व मात्र खोटं नाही. इराणच्या सिटिंग व्हॉलीबॉल संघातला मोर्तेझा मेहरझाद २.४६ मीटर उंच आहे. बसून हात वर केला की तो जवळपास दोन मीटरपर्यंत पोचतो, मग १.१५ मीटरच्या नेटवरून चेंडू खूप तिरका खाली घालता येतो. रिओ, टोकियो आणि पॅरिस, तिन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण इराणच्या पुरुषांकडे गेलं.

तरी प्रत्येक संघाकडे मेहरझाद नसतो. या खेळात सर्व्हिसही ब्लॉक करता येते, उभ्या व्हॉलीबॉलमध्ये तो फाऊल धरतात. पण ब्लॉकसाठी दोन्ही हात वर गेले की तळवे जमिनीवरून सुटतात आणि तो खेळाडू जागीच खिळतो. मिरजेच्या सामन्यात एका संघानं हेच हेरलं होतं. समोरचे दोघे हात वर करून सरसावले की स्मॅशचा आव आणायचा आणि बोटांनी हलकेच प्लेसिंग टाकायचं, त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर. मान वळवण्याखेरीज त्यांच्या हाती काही उरत नव्हतं.