चुनखडकावरची दलदल: एस्टोनियातील काही सोप्या पायवाटा

चुनखडकाच्या प्रदेशात पावसाचे पाणी वर थांबत नाही. खडकातील भेगांवाटे ते खाली उतरते, जाता जाता त्या भेगा रुंद करते आणि वरची जमीन कोरडी ठेवते. दलदलीला मात्र वर्षाचे बाराही महिने पृष्ठभागाशी टेकलेले पाणी लागते. त्यामुळे या दोन गोष्टी एकाच नकाशावर शेजारी शेजारी दिसाव्यात, ही सहज पटणारी गोष्ट नाही. तरीही बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या एस्टोनियाचा उत्तर भाग जवळजवळ संपूर्णपणे चुनखडकावर उभा आहे, आणि त्याच देशाच्या भूभागाचा एक पंचमांशाहून अधिक हिस्सा पीटच्या, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, जमिनींनी व्यापलेला आहे.  हे कसे जमले याचे उत्तर पांडिव्हेरे उंचवटा आणि त्याच्या दक्षिणेकडील एंडला दलदल या पट्ट्यात पायी फिरताना फार स्पष्टपणे मिळते. या भागात चढ असे नाहीतच. उत्तर एस्टोनियातील सर्वांत उंच टेकडी एमुमॅगी ही समुद्रसपाटीपासून अवघी 166 मीटर उंच आहे, त्यामुळे सह्याद्रीत चालायची सवय असलेल्या माणसाला तर इथल्या पायवाटा अंगणासारख्या वाटतील.

पांडिव्हेरेचा खडक ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन काळातला, म्हणजे ढोबळमानाने 45 ते 43 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी हा भूभाग आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला, उष्ण आणि उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रातील शिंपल्यांसारखे कवचधारी जीव, ट्रायलोबाइट (आता नामशेष झालेले, खंडित शरीराचे समुद्री जीव) आणि प्रवाळ यांच्या अवशेषांचा गाळ तळाशी साठत गेला आणि त्याचाच हा खडक झाला. पोर्कुनी या गावातील जुन्या किल्ल्याच्या बुरुजात चुनखडीचे एक संग्रहालय आहे. याच गावाच्या नावाने एस्टोनियातील भूशास्त्रज्ञ ऑर्डोव्हिशियन काळाचा अगदी शेवटचा टप्पा ओळखतात, आणि त्या टप्प्यात पृथ्वीवरील सागरी जीवांचा एक फार मोठा विनाश झाला होता. अशा खडकावर आपण उभे आहोत हे ठाऊक असले, की रस्त्याकडेच्या साध्या दगडी कुंपणाजवळही पाऊल रेंगाळते.

या उंचवट्याच्या मध्यभागी हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रात नदी जवळजवळ नाही. पाऊस आणि वितळलेला बर्फ हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन सौम्य आम्ल बनतो, चुनखडक विरघळवत खाली जातो आणि भूजलाला मिळतो. वसंतात बर्फ एकदम वितळला की खोलगट शेतांत काही आठवडे तळी दिसतात आणि मग विवरांतून जमिनीत उतरून नाहीशी होतात. उंचवट्याच्या कडेला जिथे जमीन खाली उतरते, तिथे हे पाणी झऱ्यांच्या रूपाने परत वर येते. एंडलाच्या उत्तरेकडील नोरा येथे असे अनेक झरे एकत्र आहेत. काठावर उभे राहून तळ पाहिला, तर पांढरट वाळू एका जागी सतत उकळल्यासारखी हलताना दिसते. खालून येणारे पाणी तिला उचलत असते आणि ती पुन्हा खाली बसत असते. जमिनीखालून येणाऱ्या या पाण्याचे तापमान वर्षभर साधारण पाच ते सात अंश सेल्सिअस राहते. म्हणूनच उन्हाळ्यात त्यात हात धरवत नाही आणि कडाक्याच्या थंडीत, आजूबाजूचे सगळे गोठलेले असताना, झरे वाहते राहतात.

आता दलदलीकडे वळू. हिमयुगाच्या अखेरीस हिमचादर मागे सरली तेव्हा उंचवट्याच्या पायथ्याशी एक मोठे उथळ सरोवर राहिले. हिमोढातील, म्हणजे हिमचादरीने वाहून आणून टाकलेल्या गाळातील, चिकणमाती आणि सरोवराच्या तळाशी बसलेला बारीक, चुन्याचा गाळ यांनी खालच्या खडकाच्या भेगा लिंपल्या, आणि वरून झऱ्यांचा पुरवठा चालूच होता. चुनखडकावर दलदल होण्यासाठी नेमके एवढेच हवे असते. पुढे काठाकाठाने बोरू, लव्हाळे वाढत गेले, त्यांचे अवशेष पाण्याखाली हवेअभावी पूर्ण कुजले नाहीत आणि पीट साठू लागले. सुरुवातीची ही दलदल भूजलावर पोसलेली, चुन्याने समृद्ध होती. पीटचा थर जाड होत गेला तशी वरची झाडे भूजलापासून तुटली, त्यांना फक्त पावसाचे पाणी उरले, आणि तिथे स्फॅग्नम मॉस या शेवाळासारख्या, बुटक्या वनस्पतीने ताबा घेतला.

स्फॅग्नमकडे गुडघे टेकून बघावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याच्या पानात जिवंत हिरव्या पेशींचे अरुंद जाळे असते आणि त्या जाळ्याच्या मधल्या जागांत मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात. या पोकळ पेशींना बारीक छिद्रे असतात आणि त्यांतच पाणी भरून राहते. वाळलेल्या मॉसच्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी त्यात मावू शकते. चिमूटभर मॉस उचलून दाबले तर बोटांतून पाण्याची धार लागते. शिवाय पाण्यातील कॅल्शियमसारखे धनभारित आयन शोषून घेऊन स्फॅग्नम त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन बाहेर सोडते, म्हणजे आपला परिसर ते स्वतःच आम्लधर्मी करते. चुनखडकाच्या इतक्या जवळ असूनही दलदलीच्या मधल्या भागातील पाण्याचा सामू (pH) चारच्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्ल असतो. अशा आम्ल, थंड आणि प्राणवायूविरहित पाण्यात कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते, आणि पीट वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर या गतीने वाढत राहते. हजारो वर्षांत त्याचा जो उंचवटा तयार होतो, तो पानात वाढलेल्या भाताच्या मुदीसारखा मधे फुगलेला आणि कडेने उतरता असतो, आणि त्याच्या पोटातील पाण्याची पातळी भोवतालच्या जमिनीतील भूजलाहून उंच राहते.

एंडलामधील मॅन्निकयार्वे दलदलीवर लाकडी फळ्यांची पायवाट आहे. जंगलातून आत शिरताना आधी स्प्रूसची उंच सूचिपर्णी झाडे लागतात, मग कडेच्या ओलसर पट्ट्यात भूर्ज आणि पाइन, आणि पुढे काही पावलांतच झाडे खुजी होत जातात. मधल्या भागातील पाइन दोन-तीन मीटर उंचीचे असले तरी त्यांतील कित्येकांचे वय शंभरीच्या पुढे असते, कारण तिथे त्यांच्या मुळांना नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास मिळतच नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना लालसर, तपकिरी आणि पोपटी रंगांचे पट्टे दिसतात. पीटच्या छोट्या उंचवट्यांवर एका जातीचे स्फॅग्नम, खळग्यात दुसऱ्या जातीचे, अशी ती वाटणी असते. मधल्या डबक्यांचे पाणी कडक चहाच्या रंगाचे दिसते, कारण त्यात पीटमधील ह्युमिक द्रव्ये, म्हणजे वनस्पती कुजताना तयार होणारी तपकिरी द्रव्ये, विरघळलेली असतात.

याच खळग्यांच्या काठी गोल पानांचे ड्रॉसेरा, म्हणजे आपल्याकडे ज्याला दवबिंदू म्हणतात ते कीटकभक्षी रोपटे, लालसर चिकट केस पसरून बसलेले असते. कासच्या पठारावर पावसाळ्यात याच प्रजातीसमूहातील वनस्पती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ओळख पटेल. तिथला जांभा खडक आणि इथले पीट यांच्यात एरवी काहीच साम्य नाही, पण दोन्ही ठिकाणी माती पोषणद्रव्यांनी दरिद्री आणि ओली असते. नायट्रोजनची उणीव किड्यांमधून भरून काढण्याचा उपाय म्हणूनच दोन्हीकडे उपयोगी पडतो.

या परिसरात दलदलीचा अभ्यासही जुना आहे. तूमा येथे 1910 साली दलदलीच्या जमिनीवर शेती करता येईल का हे अजमावण्यासाठी प्रयोगकेंद्र सुरू झाले, आणि 1950 पासून तिथे दलदलीतील पाण्याची पातळी व हवामान यांच्या नियमित नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. दलदल सुकवण्याच्या उद्देशाने सुरू झालेल्या कामातून ती कशी टिकते याचे ज्ञान हाती यावे, हे मला फार मोलाचे वाटते. जगातील जमिनीच्या केवळ तीन टक्के भागावर असलेल्या पीटभूमींत मातीतील एकूण कार्बनचा सुमारे एक तृतीयांश साठलेला आहे. चर खणून पाणी काढले की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजू लागते आणि हा कार्बन वातावरणात जातो.

जवळच आन्टू येथे छोट्या सरोवरांभोवती जंगलातून जाणारी वाट आहे. त्यांतील सिनियार्वे या निळ्या सरोवराचे पाणी इतके नितळ आहे की काठावरून तळ दिसतो. हे पाणी झऱ्यांचे, चुन्याने भरलेले; वर आल्यावर त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना पांढऱ्या गाळाच्या रूपाने पुन्हा तळाशी बसतो. पांडिव्हेरेवर जो दगड विरघळला, त्याचाच काही अंश इथे पुन्हा घट्ट होत आहे.

राजधानी टॅलिनच्या दक्षिणेला तुहाला येथे दलदल आणि चुनखडक यांचा संबंध आणखी थेट दिसतो. माह्त्रा दलदलीकडून येणारी तुहाला नदी इथे जमिनीत शिरते, काही अंतर खडकातील पोकळ्यांतून वाहते आणि पुढे पुन्हा वर येते. या भूमिगत प्रवाहावरच एक जुनी, जेमतेम अडीच मीटर खोल विहीर आहे. बर्फ झपाट्याने वितळला किंवा जोरदार पाऊस झाला, की खालच्या पोकळ्यांत पाणी मावेनासे होते आणि विहीर तोंडातून उसळून वाहू लागते; अशा वेळी सेकंदाला शंभर लिटरपर्यंत पाणी बाहेर पडते. जमिनीखालच्या सौना स्नानगृहात चेटकिणी एकमेकींना भूर्जाच्या फांद्यांनी झोडपतात म्हणून पाणी उसळते, अशी तिथली लोककथा आहे आणि विहिरीचे नावही चेटकिणींची विहीर असेच आहे. दरवर्षी हे घडेलच असे नाही. घडले तर ते बहुधा हिवाळा संपताना घडते आणि काही दिवसच टिकते.

शेजारच्या नाबाला भागात चुनखडीच्या खाणी काढण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा खाण कोरडी ठेवण्यासाठी भूजल उपसावे लागेल आणि त्याचा परिणाम भूमिगत प्रवाहावर, विहिरींवर व ओल्या जंगलांवर होईल, अशी चिंता स्थानिक लोकांनी मांडली. वाद बरीच वर्षे चालला आणि 2014 साली सरकारने नाबाला-तुहाला हे संरक्षित क्षेत्र स्थापन केले.