पाकीट टेबलावर उघडू नका: ब्लॉक कोपॉलिमर इलेक्ट्रोलाइट फिल्म वापरणाऱ्यांसाठी

'मागच्या लॉटचं वाहकतेचं रीडिंग २५ अंशांला छान यायचं, या लॉटचं येत नाही.' दिवाळीच्या सुमारास असा फोन हमखास येतो. बहुतेक वेळा फिल्ममध्ये फरक नसतो, पुण्याची हवा कोरडी झालेली असते.

आमची फिल्म म्हणजे लिथियम बॅटरीत द्रव इलेक्ट्रोलाइटच्या जागी बसणारा घन पॉलिमरचा पातळ पडदा. तिच्यातला पीईओचा (पॉलिइथिलीन ऑक्साइडचा) भाग लिथियम आयन वाहून नेतो, पॉलिस्टायरीनचा भाग फिल्मला ताठ ठेवतो. एकाच वाड्यात राहून चुली वेगळ्या, असा दोघांचा संसार: रेणूची साखळी एक (म्हणूनच 'ब्लॉक कोपॉलिमर'), पण नॅनोमीटरच्या मापाचे थर वेगवेगळे. पीईओ साधारण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. त्याखाली ते स्फटिकरूप होतं आणि आयन अडखळतात. ८० अंशांच्या मानाने २५ अंशांची वाहकता शंभरेक पटींनी कमी भरते. म्हणून आम्ही ८० अंशांचाच आकडा छापतो, त्यात लपवाछपवी नाही. २०११ साली पॅरिसच्या रस्त्यांवर आलेल्या ब्लूकार या विजेवरच्या गाडीच्या पॉलिमर बॅटऱ्याही गरम ठेवूनच चालवाव्या लागत.

मग २५ अंशांला छान रीडिंग येतं कुठून? पाण्यातून. फिल्ममधलं टीएफएसआय हे लिथियमचं मीठ हवेतला ओलावा भराभर ओढतं. जुलैत टेबलावर पाकीट उघडून निवांत सेलसाठी गोल डिस्क कापल्या, की साखळ्या सैल होतात आणि आकडा चढतो. पुढे लिथियम धातू लावला की पाणी त्याच्याशी अभिक्रिया करतं, इंटरफेसचा (फिल्म आणि लिथियमच्या सांध्याचा) रोध वाढत जातो आणि सेल बसतो. मग लिथियम पट्टी, क्रिम्पिंग (सेल दाबून बंद करणं), कॅथोडचं कोटिंग असं सगळं तपासण्यात आठवडे जातात. एसी लावलेली खोली म्हणजे कोरडी खोली नव्हे.

ओलावलेली फिल्म नुसती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून भागत नाही. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर ठेवा आणि मधे हवा न लागू देता आर्गॉन वायू भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) न्या.

उघडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण ते कुठे उघडलं होतं हे आम्हाला कळायला मार्ग नाही. २०३२ कॉइन सेलच्या (नाण्यासारख्या चपट्या सेलच्या) मापाच्या डिस्क आम्ही आर्गॉनमध्येच कापून छोट्या पाकिटांत सीलबंद देतो. थोडे पैसे जास्त पडतात, पण एकदम मोठं पाकीट फोडावं लागत नाही.

ऑर्डर देताना कॅथोड कोणता ते जरूर कळवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर प्रश्न नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर आधी फोन करा, कारण तो चार्ज होताना ४ व्होल्टच्या पुढे जातो आणि ४ व्होल्टच्या आसपास पीईओचं ऑक्सिडेशन सुरू होतं.