कात्रीनं लिहिता कसं येईल?

मे २०२५ मध्ये ‘कमला’ या भाताच्या वाणाची बातमी आली तेव्हा मी तासगावजवळ मामांच्या द्राक्षबागेत होतो. जनुक-संपादनातून तयार झालेल्या देशातल्या पहिल्या दोन वाणांपैकी हा एक. मामांनी बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, “ही क्रिस्पर नावाची कात्री डीएनएतली अक्षरं बदलते म्हणतोस. पण कात्रीनं कापतात. कात्रीनं लिहिता कसं येईल रे?”

इतका नेमका प्रश्न मी वर्गातही फारसा ऐकलेला नाही. आणि मामांचं बरोबर आहे, कात्रीला लिहिता येत नाही. क्रिस्परमधलं कापण्याचं काम करणारं कॅस-९ हे प्रथिन २० अक्षरांच्या मार्गदर्शक आरएनएच्या मदतीनं ठरलेली जागा शोधतं, डीएनएचे दोन्ही धागे तोडतं आणि तिथं त्याचं काम संपतं. बदल करते ती पेशी. तोही जीव वाचवण्याच्या धडपडीत, कारण दोन्ही धागे तुटणं ही पेशीसाठी सगळ्यात मोठी आपत्ती असते. जोड मिळाली नाही तर पुढच्या विभाजनात गुणसूत्राचा तुकडाच हरवतो.

त्याच दुपारी ठिबकची एक नळी फुटली. मामांनी कटरनं दोन्ही टोकं सरळ कापून घेतली, जॉइनर बसवला, पाणी सुरू. नळी जुळली, पण बोटभर आखूड झाली. पेशी जवळपास हेच करते. ‘कू’ नावाचं कड्यासारखं प्रथिन तुटलेल्या टोकांवर काही सेकंदांत चढून बसतं. मग दुसरी प्रथिनं येतात, फाटकी टोकं छाटतात, कधी एखादं अक्षर भरतात आणि लायगेज हे विकर सांधा जोडतं. तोवर एटीएम नावाचं प्रथिन तुटल्या जागेच्या आजूबाजूला, पार दहा लाख अक्षरांच्या टापूपर्यंत, धोक्याच्या खुणा करत सुटतं. या खुणांना चिकटणारा चमकता रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात ठिपका उजळतो. तो ठिपका म्हणजे तुटलेला डीएनए आणि भोवती जमलेली दुरुस्तीची माणसं!

आता यातली गंमत बघा. पेशीनं जोड अगदी अचूक दिली तर काय होईल? मूळ २० अक्षरं जशीच्या तशी परत येतील, कॅस-९ ती पुन्हा ओळखेल आणि पुन्हा कापेल. पुन्हा जोड, पुन्हा काप. हे चक्र थांबतं ते पेशीची चूक झाल्यावर. एखादं अक्षर गळतं किंवा जास्तीचं घुसतं, कात्रीला जागा ओळखू येत नाही आणि ती चूक कायमची राहते. आपण जिला संपादन म्हणतो, ती ही चूक.

एका अक्षरानं काय होतं? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘मदन कमळ उचल’ यातला ‘द’ काढा आणि तसंच तिनातिनांनी वाचा: ‘मनक मळउ चल’. पुढचं सगळं निरर्थक, जनुक बंद. कमला ज्या भाताच्या वाणापासून केला त्या सांबा मसुरीतलं, सायटोकायनिन हे संप्रेरक मोडून टाकणारं जनुक असंच निकामी केलं. संप्रेरक टिकलं, लोंबीत दाणे वाढले. द्राक्षवाले सिक्स-बीए मारतात ते याच कुळातलं, त्यामुळे मामांना हे लगेच पटलं.

माणसाच्या पेशीत मात्र आणखी एक पहारेकरी आहे, पी-५३. एरवी हे प्रथिन तयार होतं आणि थोड्याच वेळात नष्ट केलं जातं. डीएनए तुटला की ते टिकतं, साठतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती जमेना तर पेशीला मरायला लावतं. २०१८ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की कॅस-९ च्या कापानंही पी-५३ जागं होतं. म्हणजे ज्या पेशींत पी-५३ आधीच बिघडलेलं असतं, त्याच संपादनात सहज तगतात. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ बिघडलेलं आढळतं, म्हणून उपचारासाठी संपादित केलेल्या पेशी तपासून घ्याव्याच लागतात. दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर बदलणारी पद्धत २०१६ साली आली, तिचं महत्त्व यासाठीच.

आणि एक. सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण ‘हळदीची कॅप्सूल घ्या, डीएनए दुरुस्त करा’ असले संदेश पुढे पाठवू नका. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा तुमच्या प्रत्येक पेशीत जन्मापासून आहे, ती विकत मिळत नाही.

“असं बदललेलं पीक नैसर्गिक कसं?” हे शेजारच्या बागेतल्या काकांनी विचारलं. मी त्यांना समोरचा वेल दाखवला. तास-ए-गणेश. थॉम्पसन सीडलेसच्या वेलीवर आपोआप झालेला बदल याच तालुक्यातल्या शेतकऱ्यानं हेरला आणि त्यातून हा वाण आला. तिथंही डीएनएतला बदलच होता, फक्त तो कुठं व्हावा हे कुणी ठरवलं नव्हतं.

निघताना मामांनी पान उलटून त्यावरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दाखवली. “हिच्यावर चालेल का तुझी कात्री?” २०२० मध्ये थॉम्पसन सीडलेसमधलंच एक जनुक, भुरीला आत शिरू देणारं, क्रिस्परनं बंद करून पाहिलं गेलं. भुरी कमी आली. पण काही रोपांची पानं वेळेआधीच पिवळी पडून करपली. ते जनुक भुरीसाठी दार उघडण्याखेरीज वेलीचं आणखीही काही काम करत असणार. मामा म्हणाले, “मग अजून थोडं थांबू,” आणि फवारणीचा पंप काढायला गेले.