व्हर्च्युअल मशीनचा आराखडा कुठे ठेवायचा?

होस्ट संगणकाची एसएसडी गेली तेव्हा मी निर्धास्त होतो. त्यावरच्या तिन्ही व्हर्च्युअल मशीनच्या (एका संगणकात सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या आभासी संगणकांच्या) डिस्कची ताजी प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर होती. नवी एसएसडी बसवली, लिनक्स आणि अशी मशीन चालवणारं केव्हीएम टाकलं, आठवेल तशी सेटिंग्ज भरून पहिलं मशीन सुरू केलं. ते उठलं, पण नेटवर्क नाही. आतली लिनक्स 'ईएनएस३' नावाचं नेटवर्क कार्ड शोधत होती आणि समोर होतं 'ईएनपी१एस०'. डिस्कवरचं एक अक्षरही बिघडलेलं नव्हतं. तिच्याभोवतीचं यंत्रच बदललं होतं.

लिनक्स नेटवर्क कार्डाला नाव देते ते सहसा कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून. व्हर्च्युअल मशीनला खरा मदरबोर्ड नसतो. तो एका फाईलमध्ये लिहिलेला असतो. प्रोसेसर किती, मेमरी किती, मदरबोर्ड जुन्या 'आय४४०एफएक्स' धाटणीचा की नव्या 'क्यू३५' धाटणीचा, कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये, त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) काय, मशीनची ओळख सांगणारा १२८ बिटांचा यूयूआयडी काय. हाच मशीनचा आराखडा. मशीन सुरू करताना हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ही फाईल वाचतो आणि त्याबरहुकूम यंत्र उभं करतो. ही जेमतेम काही किलोबाइटची फाईल माझ्या बॅकअपमध्ये नव्हती. जुनं मशीन 'आय४४०एफएक्स'वर होतं, नवं आपोआप 'क्यू३५'वर बनलं. मॅक पत्ताही नवा मिळाला, त्यामुळे राउटरनं राखून ठेवलेला आयपी पत्ता दिला नाही.

चूक का झाली? केव्हीएमची व्यवस्था पाहणारं लिबव्हर्ट डिस्क एकीकडे ठेवतं आणि आराखडा दुसरीकडे, सेटिंग्जच्या 'इटीसी' फोल्डरच्या पोटात, एक्सएमएल या मजकुराच्या रूपात. व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आराखड्याची फाईल, म्हणजे व्हीएमवेअरची साध्या मजकुराची व्हीएमएक्स किंवा व्हर्च्युअलबॉक्सची एक्सएमएल, सहसा मशीनच्याच फोल्डरमध्ये असते, म्हणून फोल्डर उचलला की सगळं सोबत येतं. त्यात दुसरी गोची आहे. फोल्डरची नक्कल केली की एकाच यूयूआयडीची आणि एकाच मॅक पत्त्याची दोन जुळी मशीन तयार होतात. व्हीएमवेअर म्हणूनच विचारतं, मशीन हलवलंय की त्याची नक्कल केलीय? 'नक्कल' म्हटलं की ते नवी ओळख देतं.

मला सर्वांत आवडलेली रचना प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या प्रणालीची. तिथे आराखड्यांच्या फाईली एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतात, पण दिसतात साध्या फाईलींसारख्या, आणि सर्व्हरना आपसात जुळवून ठेवणाऱ्या कोरोसिंकच्या मदतीनं क्लस्टरमधल्या, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरांच्या गटातल्या, प्रत्येक सर्व्हरवर त्यांची प्रत असते. एक सर्व्हर जळाला तरी त्याच्या मशीनचे आराखडे बाकीच्यांकडे शाबूत असतात. डिस्क सामाईक साठ्यावर असेल, तर मेलेल्या सर्व्हरच्या फोल्डरमधली फाईल जिवंत सर्व्हरच्या फोल्डरमध्ये सरकवायची. की मशीन जिवंत सर्व्हरच्या ताब्यात येतं. मात्र जुना सर्व्हर खरोखर बंद आहे याची आधी खात्री हवी. दोघांनी एकाच डिस्कवर लिहिलं तर डेटाची माती होते.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरनं विंडोज सर्व्हर २०१६ पासून एक्सएमएल सोडून बायनरी फाईल घेतली. फाईल अर्धवट लिहिली जाऊन खराब होण्याचा धोका त्यानं कमी झाला, हे मान्य. तरी मी मजकुराच्या बाजूचा आहे. मजकूर गिटमध्ये, म्हणजे फाईलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवता येतो आणि मेमरी कधी वाढवली, कार्ड कधी बदललं हे ओळीगणिक दिसतं.

आता माझ्याकडे रोज रात्री 'व्हर्श डंपएक्सएमएल' ही लिबव्हर्टकडून आराखडा एक्सएमएलमध्ये काढून घेणारी आज्ञा 'इनअ‍ॅक्टिव्ह' पर्यायासह चालते. हा पर्याय महत्त्वाचा, कारण चालू मशीनचं रूप आणि पुढच्या वेळी सुरू होताना त्याचं जे रूप असेल ते, ही दोन्ही लिबव्हर्ट वेगळी सांभाळतं. चालत्या मशीनला तात्पुरती जोडलेली डिस्क मशीन बंद होताच निघून जाते. ती कायमच्या आराखड्यात नको. मशीनचा पडदा दुरून पाहण्यासाठी लावलेला पासवर्ड वेगळा मागितल्याशिवाय ही आज्ञा तो बाहेर काढत नाही, त्यामुळे तो चुकून गिटमध्येही जात नाही.

एक्सएमएलबरोबर आणखी दोन गोष्टी उचलाव्या लागतात: यूईएफआयची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज असलेली एनव्हीरॅम फाईल, आणि मशीनच्या यूयूआयडीच्या नावाचा आभासी टीपीएमचा, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपचा, फोल्डर. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर लावलेल्या विंडोजची किल्ली त्या टीपीएमला बांधलेली असते. तो फोल्डर राहिला, तर डिस्क आणि आराखडा दोन्ही जसेच्या तसे परत आणूनही विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागत थांबतं.