छातीचा केस डोक्यावर गेला तर…

मनगटावरचे केस आपण जन्मात कधी कापत नाही, तरी ते वाढत वाढत बोटांपर्यंत येत नाहीत. डोक्यावरचे मात्र चार महिने न्हाव्याकडे गेलं नाही की कानावर येतात. असं का होतं, हे कळलं की दाढीचे आणि छातीचे केस टकलावर लावून देणाऱ्या जाहिरातींकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं. अंगावर केसांचा अमर्याद साठा आहे, असा त्यांचा सूर असतो. साठा आहे, पण तो अमर्याद नाही आणि एका जातीचा तर मुळीच नाही.

नेहमीच्या हेअर ट्रान्सप्लांटमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे लावतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हा प्रयोग १९५२ मध्ये केला आणि १९५९ मध्ये निष्कर्ष छापला: जागा बदलली तरी केस मूळचा स्वभाव सोडत नाही. मागचे केस टक्कल पडतानाही सहसा टिकतात; पुढे लावले तरी टिकतात. अडचण एवढीच की मागून फार काढले तर तिथेच विरळ दिसायला लागतं. मग नजर अंगावर जाते.

आता त्या मनगटाकडे वळू. प्रत्येक केसाचं स्वतःचं घड्याळ असतं. काही काळ तो वाढतो, मग वाढ थांबते, मग मूळ विश्रांती घेतं आणि जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. डोक्यावरच्या केसाचा वाढीचा काळ साधारण २ ते ६ वर्षांचा, वेग महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर. म्हणजे ५ वर्षं वाढणारा केस साठेक सेंटीमीटरपर्यंत जातो. हातावरच्या केसाला वाढायला मिळतात जेमतेम काही महिने. तो आखूड राहतो कारण त्याची वेळ संपते. (वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात, हा समजही इथेच निकालात निघतो. वस्तरा केसाचं निमुळतं टोक कापतो, म्हणून खुंट जाड लागतो. त्वचेखालच्या मुळाला त्याचा पत्ताही नसतो.)

हे घड्याळ चालवतं कोण? केसाच्या मुळाशी कांद्यासारखा फुगवटा असतो आणि त्याच्या पोटात पेशींचा एक इवलासा पुंजका: डर्मल पॅपिला. केस किती जाड, किती काळ वाढणार, हे बरंचसं तो ठरवतो. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन दाढीच्या पॅपिलापर्यंत पोचलं की तो आयजीएफ-१ सारखी वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतो. तेच संप्रेरक, ज्याला आनुवंशिक टक्कल आहे त्याच्या कपाळावरच्या पॅपिलापर्यंत पोचलं, की तिथून टीजीएफ-बीटा १ सारखी वाढ रोखणारी प्रथिनं निघतात आणि केस दर फेरीला बारीक होत जातो. निरोप एकच, ऐकणारे दोन. म्हणून भरघोस दाढी आणि चकचकीत टक्कल एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदतात आणि म्हणूनच दाढीचा केस टकलावर लावला तरी त्या संप्रेरकाला घाबरत नाही.

पण जमिनीचंही थोडं चालतं. कोरियातल्या एका सर्जनने स्वतःच्या डोक्याचे केस स्वतःच्याच पायावर लावले; २००२ मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात ते डोक्यापेक्षा संथ वाढले. उलट दिशेने, छातीचा केस डोक्यावर आला की थोडा लांब होतो, असा काही सर्जनांचा अनुभव आहे. थोडा, खांद्यापर्यंत नव्हे.

डोक्यावर एका मुळाच्या जागी एक ते चार केसांचा झुपका असतो. अंगावर बहुतेक एकेकटा. शिवाय अंगावरचा केस त्वचेखाली फार तिरका शिरलेला असतो, त्यामुळे १ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची पोकळ सुई नेमकी त्याच्याभोवती फिरवणं कटकटीचं. कोन जरा चुकला की मूळ आडवं कापलं जातं. दाढीचा, विशेषतः हनुवटीखालचा केस त्यातल्या त्यात जाड आणि कामाचा, पण राठ. तो टाळूवर भर घालायला ठीक. कपाळाच्या कडेला लावला तर लांबूनही ओळखू येतो.

सर्जनांची एक युक्ती मला फार आवडते. काढायच्या काही दिवस आधी छाती भादरून घेतात. मग जे खुंट वर येतात तेवढेच वाढीच्या काळातले. बाकीचे झोपलेले, त्यांना हात लावायचा नाही. डोक्यावर कोणत्याही क्षणी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात. अंगावर झोपलेल्यांचा वाटा बराच मोठा, आणि ही सवय ते नव्या घरीही घेऊन जातात. त्यामुळे छातीचे शंभर केस टाळूवर जगले, तरी आरशात एका वेळी शंभर दिसत नाहीत.